सोप्या प्रश्नांना कमी लेखू नका

ठाणे-नवी मुंबईत अकाउंट्सच्या मुलाखती घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: बी.कॉम. झालेल्याला सोपे प्रश्न विचारणं हा त्याचा अपमान. उत्तरं पाठच असतात. खरी पारख अवघड प्रश्नांनीच होते. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत.

आधी अपमानाचं बघू. वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो की ऐरोलीतलं मोठं ऑफिस, टेबलावर येतं ते बिलच. 18 टक्के जीएसटी धरून 11,800 रुपये, तर मूळ रक्कम किती? 10,000. चुकणारा 11,800 चेच 18 टक्के वजा करून 9,676 सांगतो. कर मूळ रकमेवर लागतो हे सुटलं की इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, चुकतं. पाठोपाठ टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, तोही चुकतो, कारण जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो. ज्याला येतं तो क्षणात सांगून मोकळा होतो. यात अपमान कसला?

पाठांतराचं म्हणाल, तर व्याख्या विचारल्यावर पाठ केलेलंच ऐकायला मिळणार. आकडे घालून विचारा. कॅशबुकात, म्हणजे आपल्या वहीत, बँकेची शिल्लक 50,000. आपण दिलेला 8,000 चा चेक अजून वटलेला नाही. बँकेने चार्जेस म्हणून 590 कापलेत, त्यांची नोंद राहिली आहे. पासबुकात किती? 57,410. जो 41,410 सांगतो त्याने चेक दोनदा वजा केला: आपण तो लिहिला तेव्हाच वजा झाला, बँकेकडे मात्र पैसे अजून तसेच आहेत. लगेच पुढचं विचारा, आता एन्ट्री कशाची करायची? फक्त 590 ची. बीआरएस, म्हणजे कॅशबुक आणि पासबुकाचा मेळ, खरंच जुळवलेला माणूस इथे कळतो. आकडे मात्र दर उमेदवाराला बदला.

अवघड प्रश्नांबद्दल थोडक्यात. डीसीएफ, म्हणजे पुढे येणाऱ्या रोकडीवरून धंद्याची किंमत काढायची पद्धत, क्लासमध्ये घोटून घेतात. त्याऐवजी विचारा: घसारा (यंत्रासारख्या मालमत्तेची खर्चात धरलेली झीज) 10 रुपयांनी वाढला, कर 30 टक्के, करासाठीही तेवढाच घसारा मान्य, रोकड किती बदलेल? नफा 7 ने घटतो, रोकड 3 ने वाढते. घसाऱ्यात पैसा बाहेर जात नाही, कर मात्र 3 रुपयांनी वाचतो. हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या व्हॅल्युएशनवर विसंबू नका.

आणि हे तीन प्रश्न फोनवरच विचारा, कागद-कॅल्क्युलेटर घ्यायला सांगून. दहा मिनिटं लागतात. कल्याणहून ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला येणाऱ्याचा अर्धा दिवस तरी वाचेल.