आशाताईंचं काम थेरपिस्टनं का करावं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

गेल्या लेखात मी म्हटलं होतं की ऑक्युपेशनल थेरपिस्टनं, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमायला शिकवणाऱ्यानं, आजारपण येण्याची वाट बघत बसू नये, आरोग्य संवर्धन हाही आमच्या कामाचा भाग आहे. तुम्हाला ते पटलं नाही. काकूंना लकवा झाला तेव्हा थेरपिस्टची तारीख मिळायलाच कित्येक आठवडे गेले. मग आहेत त्या मोजक्या लोकांनी पेशंट सोडून बागेत भाषणं कशाला द्यायची, असं तुम्ही विचारता. शिवाय आरोग्याचा सल्ला आशाताईही देतात, त्यासाठी एवढी पदवी कशाला?

माणसं कमी आहेत, हे खरंच आहे. कमला निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं, आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्येही हा अभ्यासक्रम आहे. तरी नागपूरबाहेर पडून तालुक्याच्या गावी गेलं की थेरपिस्ट सहसा सापडत नाही. काकूंचे ते आठवडे वाया गेले याचा राग येणं साहजिक आहे.

पण मी बागेतल्या भाषणांबद्दल लिहिलंच नव्हतं. लकव्याच्या पेशंटला पलंगावरून खुर्चीत बसवायचं असतं. ते बहुतेक घरी सून किंवा मुलगी करते, दिवसातून अनेकदा, आणि तेही काखेत हात घालून, कमरेतून वाकून, श्वास रोखून. पेशंटचा लुळा खांदा दुखावतो आणि काही महिन्यांनी सुनेची कंबर धरते. आता मी पेशंटला उठायला शिकवतेच आहे, तर त्याच वेळी तिलाही शिकवते: खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला लाव, गुडघे वाकव, खांद्याला ओढू नकोस, कमरेच्या पट्ट्याला धर. यासाठी वेगळी तारीख लागत नाही. ती बाई अजून कोणाच्याच कागदावर पेशंट नाही. ती तशी होऊच नये म्हणून केलेली ही खटपट म्हणजे माझ्या लेखी आरोग्य संवर्धन.

आणि नागपूरचा उन्हाळा घ्या. एप्रिल लागला की घरोघरी कूलर. टाकी भरताना पाणी सांडतं, फरशी ओली, त्यात ती गुळगुळीत टाइल्सची, आणि रात्री आजोबा अंधारात बाथरूमला निघालेले. 65 वर्षांवरच्या साधारण दर तिघांपैकी एक जण वर्षभरात एकदा तरी पडतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘जपून चाला’ हे कोणीही सांगेल. आजोबा रात्री कोणत्या वाटेनं जातात, उठताना कशाला धरतात, दांडा भिंतीवर किती उंचीवर हवा, हे त्यांना प्रत्यक्ष तसं करायला लावूनच कळतं. पडणं टाळण्याच्या उपायांच्या अनेक चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं 2012 मध्ये आढावा घेतला. घरातले धोके काढल्यानं पडणं कमी होतं, आणि ते काम ऑक्युपेशनल थेरपिस्टनं केलं तर परिणाम जास्त दिसतो, असं त्यात आढळलं.

‘कोणीही करेल’ याला आणखी एक उत्तर आहे, लॉस एंजेलिसचं. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्वतःच्या पायावर हिंडणारे-फिरणारे 361 ज्येष्ठ होते. एका गटाला नऊ महिने थेरपिस्टनं दिनक्रम नव्यानं बसवायला मदत केली, दुसऱ्याला नुसते गप्पा-खेळ-सहली असे कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. फायदा पहिल्या गटाला झाला. गप्पा-खेळवाले मात्र काहीच न मिळालेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत! मला स्वतःला हे वाचून आश्चर्य वाटलं होतं, कारण आपल्याकडे ज्येष्ठांसाठी काही करायचं म्हटलं की पहिल्यांदा सहलच निघते. अर्थात हे अमेरिकेतलं आहे. 2012 च्या पुढच्या अभ्यासात दुखणं आणि मनःस्थिती सुधारली, पण स्मरणशक्ती वगैरेत फरक पडला नाही. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात ते जसंच्या तसं चालेल, असा माझा दावा नाही.

आशाताईंबद्दल बोलायचं तर त्या घराघरात पोचतात, आम्ही नाही. ओल्या फरशीचा धोका त्यांनी ओळखून आम्हाला कळवला तर काम किती सोपं होईल! त्यांच्यावर आधीच किती रजिस्टरं लादली आहेत, ते मात्र विचारू नका.

आता तुमचं शेवटचं वाक्य. काकू भाजी चिरते म्हणतात आणि तुम्ही त्यांना ओट्याजवळ येऊ देत नाही. येऊ द्या, काका! बसून राहिल्यानं उरलेली ताकदही जाते. गॅस सध्या राहू द्या. लकव्याच्या हाताला गरम-गार कळतं का, हे तपासल्याशिवाय तिकडे नको. टेबलाशी खुर्चीत बसवा. लाकडी पाटाला खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून टोकं वर काढा, त्यात बटाटा खोचला की एका हातानं चिरता येतो. पाटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे तो सरकणार नाही. त्यांची कोणती बाजू गेली आहे आणि त्या आधाराशिवाय किती वेळ बसू शकतात, तेवढं कळवा. पुढचं त्यावर ठरवू.