बिशप हाऊसमध्ये कागद नाही, म्हणून काम झालंच नाही?

आमच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'बेळगाव धर्मप्रांतात सिस्टरांनी खेड्यापाड्यांत काम केलं म्हणतात, पण बिशप हाऊसच्या दप्तरात त्याचे कागद नाहीत. म्हणजे काम झालंच नाही, किंवा कागद गुप्त कपाटात दडवलेत.' (धर्मप्रांत म्हणजे एका कॅथलिक बिशपांच्या अखत्यारीतला मुलूख, आणि बिशप हाऊस म्हणजे त्यांचं कार्यालय.) मला तो मजकूर चार जणांनी पाठवला. त्यातले दोघे सिस्टरांच्या बोर्डिंगात राहून शिकले, याचं जास्त वाईट वाटलं.

पहिली चूक म्हणजे कागद भलत्याच कपाटात शोधणं. सिस्टर, म्हणजे व्रत घेतलेल्या जोगिणी, कुठल्या ना कुठल्या धर्मसंघाच्या असतात आणि संघाचा कारभार वेगळा चालतो. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे कॉन्व्हेंट, म्हणजे सिस्टरांचं राहायचं घर, उघडायला बिशपांची लेखी संमती लागते (कलम ६०९), आणि बिशपांनी एखादं काम सोपवलं तर लेखी करार करावा लागतो (कलम ६८१). बिशप हाऊसमध्ये शोधायचे ते हे कागद. दवाखाना, बोर्डिंग, शिवणवर्ग यांचा रोजचा हिशेब कॉन्व्हेंटात राहतो, आणि त्याचा गोषवारा संघाच्या प्रोव्हिन्शिअल हाऊसला, म्हणजे विभागीय मुख्य घराला, जातो.

खानापूर तालुक्यातल्या एका कॉन्व्हेंटात दवाखान्याची जुनी वही मी पाहिली आहे. लांबट, पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी. तारीख इंग्रजीत, पुढे गाव आणि नाव, आणि दुखणं मात्र मराठीत: 'विळा लागला', 'बाळंतीण, ताप', 'पोर, हगवण'. पावसाळ्यातली पानं ओलीनं एकमेकांना चिकटली होती. एक उलगडताना कोपरा माझ्या बोटाला लागून आला, तो मी तसाच आत ठेवला. पानंच्या पानं बिगर-ख्रिस्ती नावांची. औषध देणाऱ्या सिस्टरचं नाव मात्र कुठेही नाही. कॉन्व्हेंटच्या क्रॉनिकलमध्ये, म्हणजे रोजनिशीत, त्याच दिवसांपुढे 'दोघी गावात जाऊन आलो' एवढंच. अशा नोंदीतून काम शोधायला चिकाटी लागते, पण म्हणून नोंद नाही असं कोण म्हणेल?

मजकुरात म्हटलंय की बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातही सिस्टर दिसत नाहीत. कशा दिसतील? त्यात बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव लिहितात, आणि ते बहुतेक फादरांचंच असतं. मूल दगावायच्या बेतात असेल तर मात्र कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तशा नोंदीत एखाद्या सिस्टरचं नाव सापडू शकतं. ही रजिस्टरं ठेवायची जबाबदारी त्या त्या पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चची.

'१९५३ च्या आधीचं तर काहीच नाही', हा तिसरा मुद्दा. बेळगाव धर्मप्रांतच १९ सप्टेंबर १९५३ ला झाला. त्याआधी हा मुलूख गोवा आणि पुणे यांच्याकडे वाटलेला होता. पुढे १९७६ मध्ये कारवारही वेगळा निघाला. म्हणजे जुना पत्रव्यवहार ज्या ठिकाणी जायचा, तिथेच तो शोधायला हवा. १९५६ ला आपण बेळगावकर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. म्हणून त्याआधीची आपली शेतं खोटी ठरली का?

गुप्त कपाट असतं, हे खरं. कायद्यातच ते सांगितलंय (कलम ४८९), आणि त्याची किल्ली फक्त बिशपांकडे. पण ते गोपनीय प्रकरणांसाठी. हगवणीच्या औषधाची वही तिथे ठेवायचं कारण काय? उलट स्वतःच्या बाप्तिस्म्याचा किंवा लग्नाचा दाखला मागायचा हक्क त्याच कायद्याने प्रत्येकाला दिलाय.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे. सिस्टरांच्या बदल्या होतात, घर बंद पडलं की ट्रंका हलतात, वाळवी लागते, आणि कागद दाखवायला अनेक ठिकाणी का-कू होते. याचं दुःख मलाही आहे. रोमहून २ फेब्रुवारी १९९७ ला चर्चच्या दप्तरांविषयी खास पत्र निघालं, संशोधकांना दारं उघडी ठेवा असं त्यात म्हटलंय. ते पत्र दाखवून मागणी करा. जाताना गावाचं नाव, अंदाजे साल आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवणारं सिस्टरचं नाव लिहून न्या, आणि आधी कॉन्व्हेंटची बेल वाजवा.