‘19 वर्षांचा पोट्टा काय शिकवणार?’ या रिव्ह्यूला वरुडच्या पूल पार्लरचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार दिला आणि लिहिलं, की पूल (टेबलावर काठीनं बॉल पॉकेटात टाकायचा खेळ) शिकवायचे 1200 रुपये घेतले, शिकवायला 19 वर्षांचा पोट्टा ठेवला आणि तीन दिवस मुलाला एकही बॉल पॉकेटात टाकू दिला नाही. तुम्हाला त्रास झाला, माफी मागतो. ते तीन दिवस कशासाठी आहेत हे पैसे घेतानाच सांगायला हवं होतं. ते राहिलं, चूक आमची.

पैशांचं म्हणाल तर बारा दिवस, रोज एक तास, टेबलाचं भाडं त्यातच. ते सोडा. ‘पोट्टा काय शिकवणार’ हे मात्र फार लागलं. पंकज अडवाणीनं 2003 मध्ये स्नूकरचं (पूलसारखाच टेबलावरचा खेळ) जागतिक हौशी विजेतेपद जिंकलं तेव्हा त्याचं वय 18 होतं. खेळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हे मान्य. म्हणूनच आमच्याकडे नियम आहे की शिकवणाऱ्यानं तासाभरात पाचच्या वर शॉट स्वतः मारायचे नाहीत. तरुण पोरं करामती दाखवायला लागली की शिकणारा नुसता बघत बसतो. पण तीन-चार वर्षांपूर्वी ज्यानं स्वतःच्या हातातली खोड मोडली, त्याला दुसऱ्याची खोड चटकन दिसते. वीस वर्षं मनानंच खेळलेल्या माणसाला आपला कोपर कुठं जातो हेच सांगता येत नाही.

आता त्या तीन दिवसांचं. बॉलऐवजी रिकाम्या बाटलीवर सराव का, ते सांगतो. तुमचा मुलगा कॅरमवरून आला आहे, त्यामुळे हातात झटका आहे. क्यूला, म्हणजे पूलच्या काठीला, झटका चालत नाही. मारताना त्याचा खांदा हलतो, डोकं वर येतं आणि टिप, म्हणजे क्यूचं पुढचं टोक, उजवीकडे सरकते. मध्यापासून 3 मिलिमीटर सरकली तरी पांढऱ्या बॉलला (क्यूनं यालाच मारायचं, तो दुसऱ्या बॉलला ढकलतो) फिरकी लागते आणि टेबलाच्या काठाच्या रबरी कुशनवरून तो भलतीकडेच निघतो. पॉकेट जवळ असलं तर दुसरा बॉल आत जातोही. मग मुलाला वाटतं बरोबर मारलं, आणि चूक हातात पक्की बसते. म्हणून आधी बॉलच नाही. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची. तिचं तोंड साधारण पांढऱ्याच्या मध्याच्या उंचीवर येतं. पुढचा पंजा तिच्यापासून वीतभर मागे, मागची मूठ सैल, कोपराखालचा हातच तेवढा हलवायचा. टिप काठाला न लागता आत-बाहेर झाली पाहिजे, सलग वीस वेळा. काठाला लागली की ‘टक्’ आवाज येतो, मुलाला सांगावंही लागत नाही. पहिल्या दिवशी त्याच्या चार झाल्या, तिसऱ्या दिवशी चौदा. तुम्ही ते लिहिलं नाही.

आणि भाऊ, राग मानू नका, तिसऱ्या दिवशी पाचच्या तासाला तुम्ही 5.40 ला आलात. मागून ‘जोरात मार’ म्हणत होता. जोर लावला की डोकं आधी उठतं. चहाचा ग्लास टेबलाच्या लाकडी काठावर होता. साखरेचा चहा कापडावर सांडला तर तेवढी जागा चिकट होते, बॉल तिथे मंदावतो. तेवढाच तुकडा बदलता येत नाही, पूर्ण कापड काढावं लागतं. आमचं पोट याच टेबलावर आहे. मुलानं मात्र एकदाही कंटाळा केला नाही, हेही सांगतो.

पालकांना बसायला वेगळी सोय बघतो, कोणत्या दिवशी काय शिकवणार तेही लिहून लावू.

नऊ दिवस शिल्लक आहेत, पैसे भरलेले आहेत. चौथ्या दिवशी बॉल आहे: समोरचा बॉल मधल्या पॉकेटाच्या सरळ रेषेत, पांढरा एक हात मागे, टिप मध्याच्या किंचित खाली. बॉल आत गेला पाहिजे आणि पांढरा धडकेच्या जागीच थांबला पाहिजे. पाचला पाठवा, शिकवायला तोच मुलगा असेल.