‘इतकी वर्षं वापरतोय, कधी अडलं नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

लाटेक या गणिती मजकूर छपाईसाठी जुळवणाऱ्या प्रणालीत समीकरणांच्या ओळी कशा जुळवाव्यात, आणि त्यासाठी जुन्या इक्यूएनॲरेऐवजी अलाइन ही रचना का वापरावी, यावरच्या माझ्या लेखाखाली निपाणीच्या एका सरांनी लिहिलंय: ‘बरोबरची चिन्हं एकाखाली एक आणायला एवढं पाल्हाळ? लाटेकमधलं इक्यूएनॲरे मी इतकी वर्षं वापरतोय, कधी अडलं नाही. वर्डमध्ये तर हे दोन क्लिकचं काम. तिसऱ्या उदाहरणात रिकाम्या ओळीला (६) क्रमांक पडलाय, तेवढा बघा. बेळगावात बसून जगाला टाइपसेटिंग शिकवायची घाई झालेली दिसते.’

सर, क्रमांकाचं तुमचं बरोबर आहे. शेवटच्या ओळीनंतरही मी \\ ठेवलं होतं. त्याचा अर्थ ‘पुढे आणखी एक ओळ आहे’ असा होतो, आणि लाटेक त्या रिकाम्या ओळीलाही क्रमांक देतं. दुरुस्त केलं, आभार. वर्डचा मुद्दा सोडून देतो. लेख लाटेकचा होता, हे शीर्षकातच लिहिलं होतं.

पण ‘बेळगावात बसून’ म्हणजे काय हो? तुम्ही तरी कुठून लिहिताय? विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ पासून याच गावात आहे. मराठी माध्यमाचे गणिताचे पेपर आणि इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट जुळवण्यात माझी अठरा वर्षं गेलीत. चूक दाखवा, हजारदा दाखवा. गाव कशाला काढता?

आता ‘कधी अडलं नाही’ हे वाक्य. अडत नाही, हीच तर त्यातली अडचण आहे. इक्यूएनॲरे एरर देत नाही, गपचूप वाईट छापतं. दहा पॉइंटच्या मजकुरात बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना साधारण पावणेतीन पॉइंट जागा असते. इक्यूएनॲरे त्या चिन्हाला स्वतंत्र रकान्यात कोंडतं आणि दोन रकान्यांमध्ये ॲरेकोलसेप या ठरलेल्या मापाच्या दुप्पट, म्हणजे १० पॉइंट, जागा सोडतं. साडेतीन मिलिमीटर झाले की! त्याच पानावर एकाच ओळीचं साधं समीकरण असेल, तर त्याचं = आणि खालच्या ओळींचं = दोन वेगळ्या पुस्तकांतून कापून आणल्यासारखं दिसतं. ॲरेकोलसेप कमी करून भागेल असं म्हणाल, तर मॅट्रिक्सचे रकानेही त्याच मापावर चालतात. तेही आवळले जातात.

दुसरं त्याहून वाईट. ओळ लांब झाली की इक्यूएनॲरे समीकरणाचा क्रमांक समीकरणाच्याच शेपटावर छापतं. क्रमांकाची रुंदी ते शून्य धरतं, त्यामुळे लॉगमध्ये, म्हणजे लाटेकच्या नोंदींच्या फाइलमध्ये, इशाराही येत नाही. पीडीएफ डोळ्यांनी तपासली नाही, तर हे छापखान्यातून आल्यावरच दिसतं. एएमएसमॅथ या जोड-पॅकेजमधलं अलाइन जागा नसेल तर क्रमांक वेगळ्या ओळीवर सरकवतं. याला तुम्ही पाल्हाळ म्हणताय. तो शब्द मागे घ्यावा, ही विनंती.

अलाइनमध्येही & (एक रकाना संपून दुसरा सुरू होतो ती खूण; ओळी तिथे जुळतात) कुठे ठेवता याला महत्त्व आहे. तो = च्या आधी हवा: &=. नंतर ठेवलात, तर = डाव्या रकान्याच्या टोकाला उरतं, त्याच्यापुढे काहीच नसल्यामुळे उजवीकडची जागा नाहीशी होते आणि पुढचं पद त्याला चिकटतं. नंतरच ठेवायचा असेल, तर ={}& असं, मधे {} हे रिकामं पद घालून, लिहावं लागतं. तुटलेली ओळ + ने सुरू होते तेव्हा ते + वरच्या = च्या पुढे आणायला लोक नुसता फँटम, म्हणजे काही न छापता तेवढी रुंदी अडवणारा आदेश, वापरतात; त्यात = च्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरली जात नाही. फँटम मॅथरेलमध्ये, म्हणजे ‘याला = सारखं चिन्ह समज’ असं सांगणाऱ्या आदेशात, घालायचा, आणि + च्या आधी {} द्यायचं, नाहीतर + ची दोन्हीकडची जागा जाते.

भूमितीच्या सिद्धतेत आपल्याकडे उजवीकडे कारणं लिहितात: ‘व्युत्क्रम कोन’, ‘पक्ष’. त्यासाठी समीकरणानंतर && टाकून कारण टेक्स्ट या साध्या मजकुराच्या आदेशात लिहा; सगळी कारणं एका रेषेत डावीकडून सुरू होतात. इथे एकच & टाकलात तर ती उजव्या कडेला जुळतात आणि त्यांची सुरुवात वाकडीतिकडी होते. मधे ‘म्हणून’ किंवा ‘परंतु’ लिहायला अलाइन बंद करून पुन्हा उघडू नका, जुळणी तुटते. इंटरटेक्स्ट हा आदेश त्याचसाठी आहे.

लेफ्ट-राइटचे, म्हणजे आतल्या मजकुराइतके आपोआप उंच होणारे, कंस & किंवा \\ ओलांडून जात नाहीत, तिथे मात्र एरर येतो. पहिल्या ओळीच्या शेवटी टिंबाचा अदृश्य राइट आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला टिंबाचा अदृश्य लेफ्ट द्या. दोन ओळींची उंची वेगळी असेल, तर बिग गटातले ठरावीक मापाचे कंस बरे. अलाइनच्या आत रिकामी ओळ सोडू नका, परिच्छेद संपला असं समजून लाटेक थांबतं.

सर, तुमचाच एखादा जुना पेपर उघडून बघा की. फाइलच्या वर एएमएसमॅथ पॅकेज घाला, सुरुवातीला आणि शेवटी इक्यूएनॲरेच्या जागी अलाइन करा, आणि प्रत्येक ओळीतल्या &=& मधला दुसरा & काढा. तो राहिला, तर अलाइन तिथून नवा रकाना धरतं आणि = च्या पुढे मोठी फट पडते. जुनं आणि नवं पान शेजारी ठेवून दोनशे टक्क्यांवर = च्या दोन्ही बाजू बघा, आणि काय दिसलं ते इथेच लिहा.