‘दलदलीवर चुना? शुद्ध अडाणीपणा!’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

इंग्लंडमधल्या किंडर स्काउट पठारावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘आम्लधर्मी दलदलीवर चुना आणि खत टाकणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. त्यापेक्षा झाडं लावा.’ ते पठार राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर झाल्याचं वर्ष चुकल्याचंही दाखवलंत. ते मान्य. २००९ हवं होतं, मी २०१० लिहिलं. दुरुस्त केलं आहे.

पण मतभेद सांगायला ‘अडाणीपणा’ हाच शब्द लागतो का? १५ हिवाळे तिथल्या ओघळींत बांध घातलेल्या माणसाला तो लावण्याआधी लेख नीट वाचायचा होतात. चुना जिवंत दलदलीवर टाकत नाहीत, उघड्या पडलेल्या पीटवर (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावर) टाकतात, हे त्यात स्पष्ट आहे.

तरी पुन्हा सांगतो. मँचेस्टर-शेफील्डकडच्या कारखान्यांच्या गंधकयुक्त धुराने स्फॅग्नम शेवाळ मेलं. उरलेलं आवरण वणव्यांनी आणि मेंढ्यांनी संपवलं. उघड्या पीटचा सामू तीनच्या आसपास असतो. हिवाळ्यात गोठून त्याचा वरचा थर भुसभुशीत होतो, मग वारा-पाऊस तो नेतात. अशा जागी बी रुजत नाही. म्हणून आधी हेदर या तिथल्या झुडपाच्या छाटलेल्या फांद्या पसरतात, मग चुना, खत आणि गवताचं बी, बहुतेक वेळा हेलिकॉप्टरने. मुळांनी पीट धरून ठेवणं एवढंच या गवताचं काम. चुना-खताची मात्रा पुढची एक-दोन वर्षं पुन्हा देतात. ती थांबली की गवत विरळ होतं आणि हेदर, कापूसगवत जागा घेतात. स्फॅग्नमची रोपं त्यानंतर, आणि तीही ओल टिकते तिथेच. उघड्यावर लावली तर वाळून जातात. याला शेती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

ओघळींतलं पाणी आणि पीट अडवणाऱ्या बांधांचंही तसंच. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याशी समपातळीत हवा. एकच उंच बांध घातला तर त्यावरून पडणारं पाणी पायथा उकरतं. टोकं काठात खोचली नाहीत तर पाणी बगलेतून वाट काढतं. पीट धुपून खडक उघडा पडलेल्या ओघळीत अनघड दगडच वापरावे लागतात, कारण प्लास्टिकचे पत्रे ठोकायला खाली पीट उरलेलंच नसतं.

झाडांसाठी खोल पीटवर चर खणले की पीट वाळतं आणि त्यातला कार्बन हवेत जातो. हा मुद्दा एवढ्यावरच सोडतो.

चुन्याबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. ‘अडाणी’ शब्द असलेली प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे ठेवणार नाही.