आंतरराष्ट्रीय संघटनांना अधिकार देतो कोण? एका बहुप्रसृत दाव्याचा प्रतिवाद

संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक आरोग्य संघटना आणि तत्सम आंतरराष्ट्रीय संघटनांविषयी एक मजकूर गेली काही वर्षे शब्द बदलून पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा सारांश असा: या संघटनांना कायद्याने काहीही अस्तित्व नाही, त्या कुठल्याही देशात नोंदलेल्या नाहीत, तरीही त्या सार्वभौम देशांना हुकूम सोडतात, जागतिक आरोग्य संघटना तर नव्या करारामुळे कोणत्याही देशात टाळेबंदी लादू शकेल, एकदा सदस्य झालेल्या देशाला बाहेर पडता येत नाही, आणि या संघटनांचे अधिकारी कोणत्याच कायद्याला बांधील नाहीत. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांची चिंता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सत्ता कोणाच्या हाती आहे आणि तिला जाब कोण विचारतो, हे नागरिकाने विचारलेच पाहिजे. परंतु ही पाच विधाने एकेक करून तपासली, तर त्यांतली चार टिकत नाहीत, आणि पाचव्यात जे तथ्य आहे त्याचे कारण मजकुराने भलतीकडेच शोधले आहे.

पहिले विधान कायदेशीर अस्तित्वाचे. या प्रश्नाचा निकाल कधीच लागलेला आहे आणि तो ज्या घटनेतून लागला ती नीट समजून घेण्यासारखी आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे मध्यस्थ, स्वीडनचे काउंट फोल्के बर्नाडोट आणि त्यांच्यासोबतचे फ्रेंच निरीक्षक कर्नल आंद्रे सेरो यांची गोळ्या घालून हत्या झाली. आता नुकसानभरपाई मागायची कोणी? तोवरचा रूढ नियम असा होता की परक्या भूमीवर आपल्या नागरिकाला इजा झाली, तर त्याचे राज्य त्याच्या वतीने दावा करते. पण बर्नाडोट तिथे स्वीडनचे प्रतिनिधी म्हणून गेले नव्हते. ते संघटनेच्या कामावर होते. संघटनेच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला संकटात आपल्या मायदेशाच्या मर्जीवर विसंबून राहावे लागले, तर तो निःपक्षपातीपणे काम कसे करणार, आणि ज्याला कोणत्याच देशाचे नागरिकत्व नाही त्याने कोणाकडे पाहायचे?

आमसभेने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवला आणि ११ एप्रिल १९४९ रोजी न्यायालयाने आपले सल्लागार मत दिले. संयुक्त राष्ट्रसंघ हे राज्य नाही, राज्यांच्या वरचे राज्य तर नाहीच, आणि त्याचे हक्क व कर्तव्ये राज्यासारखी आहेत असेही नाही. तरीही त्याच्यावर जी कामे सोपवली आहेत ती पार पाडण्यासाठी लागणारे स्वतंत्र कायदेशीर व्यक्तिमत्त्व त्याला आहे, आणि म्हणून तो स्वतःच्या नावाने दावा करू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. हत्या इस्रायलच्या ताब्यातल्या भागात झाली होती, म्हणून दावा त्याच्यावर होता. पण हे मत दिले गेले त्या दिवशी इस्रायल संघटनेचे सदस्यही नव्हते. सदस्यत्व मिळाले ते पुढच्या महिन्यात. तरीसुद्धा आंतरराष्ट्रीय समुदायातल्या बहुसंख्य देशांनी निर्माण केलेले हे व्यक्तिमत्त्व सदस्य नसलेल्या देशालाही नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. इस्रायलने १९५० मध्ये ५४,६२८ डॉलर भरपाई दिली. ज्याला कायद्याने अस्तित्वच नाही त्याला कोणी भरपाई देत नाही.

नोंदणीचा आक्षेप तर आणखी लवकर निकालात निघतो. अशी संघटना एखाद्या देशाच्या कंपनी कायद्याने किंवा संस्था नोंदणीच्या कायद्याने जन्माला येत नाही. ती राज्याराज्यांतल्या कराराने जन्माला येते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या १०४व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक सदस्य देशात संघटनेला तिच्या कामापुरती कायदेशीर क्षमता आहे, आणि करार करणे, मालमत्ता घेणे व विकणे, न्यायालयात दावा लावणे हे तिचे अधिकार १९४६ च्या विशेषाधिकारविषयक करारात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहेत.

हे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व केवळ कागदावरचे नाही, हे लंडनमधल्या व्यापाऱ्यांना आणि बँकांना फार महागात पडून कळले. कथिलाचे भाव स्थिर ठेवण्यासाठी देशांनी स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय कथिल परिषदेकडचा पैसा ऑक्टोबर १९८५ मध्ये संपला आणि कोट्यवधी पौंडांची देणी उघडी पडली. परिषद म्हणजे तिचे सदस्य देशच, तेव्हा देणी त्यांनी फेडावीत, असा युक्तिवाद करून धनको न्यायालयात गेले. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९८९ मध्ये तो फेटाळला: करार परिषदेने केले होते, परिषद ही सदस्यांहून वेगळी व्यक्ती आहे, सदस्य देशांवर दावा चालणार नाही. पुढे देशांनी तडजोड करून काही रक्कम दिली ती वेगळी गोष्ट. व्यक्तिमत्त्व आहे म्हणजे सगळे चांगलेच आहे, असा या प्रकरणाचा अर्थ मुळीच नाही. धनकोंच्या दृष्टीने ते घातकच ठरले. पण ते आहे, याविषयी शंका उरत नाही.

दुसरे विधान हुकमांचे, आणि इथे मजकूर स्वतःच्याच विरोधात जातो. ज्या संघटनेला अस्तित्व नाही तिचे हुकूम बंधनकारक कसे होतील? वस्तुस्थिती अशी की संघटनेचा प्रत्येक अधिकार तिच्या स्थापनेच्या करारातून येतो आणि त्या कराराच्या उद्देशापाशीच संपतो. करारात लिहिलेले नाहीत, पण सोपवलेले काम करण्यासाठी अपरिहार्य आहेत, असे काही अधिकार गृहीत धरले जातात, हे १९४९ च्या मतातच आहे. मात्र त्या मुभेलाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अण्वस्त्रांच्या वापराच्या वैधतेविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागितले, तेव्हा ८ जुलै १९९६ रोजी न्यायालयाने उत्तर देण्यास नकार दिला. अण्वस्त्रांचे आरोग्यावरील परिणाम हा तुमचा विषय, त्यांच्या वापराची वैधता हा नव्हे. राज्यांना जसा सर्व विषयांत अधिकार असतो तसा आंतरराष्ट्रीय संघटनेला नसतो, असे कारण दिले. त्याच दिवशी आमसभेने विचारलेल्या जवळपास त्याच प्रश्नावर न्यायालयाने मत दिले, कारण आमसभेच्या कार्यकक्षेत तो विषय येत होता. जागतिक सरकाराची भीती बाळगणाऱ्यांनी ही दोन मते शेजारी ठेवून वाचावीत.

आता बंधनकारक काय आहे ते पाहू. आमसभेचे ठराव देशांवर बंधनकारक नसतात. अपवाद संघटनेच्या अंतर्गत बाबींचा, उदाहरणार्थ अंदाजपत्रक आणि वर्गणीची वाटणी यांचा. सुरक्षा परिषदेचे निर्णय मात्र सनदेच्या २५व्या अनुच्छेदानुसार सर्व सदस्यांनी पाळायचे असतात, हे मान्य केलेच पाहिजे, आणि १९९० मध्ये इराकवर घातलेले व्यापारी निर्बंध हे त्याचे ठळक उदाहरण आहे. परंतु या निर्णयाला पंधरापैकी किमान नऊ मते लागतात, पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकाराधिकार त्याला अडवतो, आणि तो अमलात येतो तो देशांच्या स्वतःच्या कायद्यांमार्फत. परिषदेच्या हाताशी स्वतःचे सैन्य नाही. ४३व्या अनुच्छेदात देशांनी करार करून परिषदेला सैन्य उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे, पण तसा एकही करार आजवर झालेला नाही. शांतिसैनिक येतात ते देशांनी स्वेच्छेने पाठवलेले असतात. दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या संशयावरून परिषदेच्या निर्बंध-यादीत नाव आल्यामुळे ज्यांची मालमत्ता गोठवली गेली त्या यासिन कादी यांच्या प्रकरणात तर युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये, बाजू मांडण्याची संधी न देता केलेली ही कारवाई मूलभूत हक्कांचा भंग करते असे ठरवून, त्यांच्यापुरता युरोपीय संघाचा अंमलबजावणीचा नियम रद्द केला.

युरोपीय संघाचा उल्लेख आलाच आहे तर प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की तो या चित्रातला मोठा अपवाद आहे. त्याचे कायदे सदस्य देशांच्या नागरिकांना थेट लागू होऊ शकतात, हे १९६३ पासून प्रस्थापित आहे. पण तो अधिकारही देशांनी कराराने दिलेला आहे, आणि एका संघटनेचा अपवाद दाखवून बाकीच्या सगळ्यांना त्याच मापाने मोजणे हा तर्क नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेविषयीच्या तिसऱ्या विधानाने सर्वाधिक भीती पसरवली, म्हणून त्याचे उत्तर नेमके द्यायला हवे. संघटनेच्या घटनेनुसार तिच्या सभेने दोन तृतीयांश मतांनी करार संमत केला, तरी तो एखाद्या देशाला लागू होतो तो त्या देशाने आपल्या घटनात्मक पद्धतीने स्वीकारल्यावरच. आरोग्य नियमावलीची पद्धत याहून थोडी वेगळी आहे: ती आपोआप लागू होते, पण मुदतीत नकार कळवण्याची वाट प्रत्येक देशाला मोकळी असते, आणि २०२४ च्या दुरुस्त्यांच्या बाबतीत अमेरिकेने ती वापरलीही. साथीच्या काळात महासंचालक ज्या तात्पुरत्या शिफारशी करतात, त्यांची व्याख्याच नियमावलीत 'बंधनकारक नसलेला सल्ला' अशी केली आहे. आणि ज्या करारावरून गदारोळ उठला, तो मे २०२५ मध्ये समितीत १२४ विरुद्ध शून्य मतांनी (११ तटस्थ) मंजूर होऊन सभेत सर्वसंमतीने संमत झालेला साथरोग करार स्पष्ट शब्दांत सांगतो की देशांतर्गत कायदे बदलण्याचा, प्रवासबंदी, लससक्ती किंवा टाळेबंदी लादण्याचा कोणताही अधिकार सचिवालयाला त्यातून मिळत नाही. साठ देशांचे अनुसमर्थन, म्हणजे औपचारिक स्वीकृती, झाल्याशिवाय तो अमलातही येणार नाही. कोविडच्या काळात टाळेबंदी जाहीर केली ती सरकारांनी, आपापल्या कायद्यांखाली. तिचा जाब विचारायचा तर तो त्यांनाच विचारावा लागेल.

बाहेर पडता येत नाही, हे विधान इतिहासाला धरून नाही, एवढे म्हणून पुढे जाता येईल. अमेरिका युनेस्कोतून १९८४ मध्ये बाहेर पडली, २००३ मध्ये परतली, २०१८ अखेर पुन्हा गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा आली. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत बाहेर पडण्याचे कलमच नाही, तरी इंडोनेशियाने १९६५ मध्ये सहभाग थांबवला आणि १९६६ मध्ये आपले स्थान पुन्हा घेतले.

राहिले पाचवे विधान, अधिकाऱ्यांचे आणि संघटनांचे न्यायालयीन कारवाईपासूनचे संरक्षण. १९४६ च्या करारानुसार सर्वसाधारण अधिकाऱ्याला हे संरक्षण केवळ कार्यालयीन कामाच्या ओघात केलेल्या कृतीपुरते आहे. महासचिवांसारख्या मोजक्या वरिष्ठांना राजदूतांसारखे व्यापक संरक्षण आहे. ते व्यक्तीच्या वैयक्तिक लाभासाठी दिलेले नाही, असे करारच सांगतो, आणि न्यायाच्या आड येत असेल व संघटनेच्या हिताला बाधा येत नसेल, तर ते काढून घेणे हा महासचिवांचा हक्क आणि कर्तव्यही आहे. न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयाच्या आवारातही, वेगळी तरतूद नसेल तिथे, अमेरिकेचाच कायदा चालतो, आणि अटक चुकवणाऱ्याला तिथे आसरा देता येत नाही, असे १९४७ च्या मुख्यालय करारात लिहिलेले आहे. म्हणजे अधिकारी कोणत्याच कायद्याला बांधील नाहीत, हे खोटे आहे.

पण संघटना म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाला मिळालेले संरक्षण जवळजवळ संपूर्ण आहे, आणि त्याची किंमत हैतीतल्या लोकांनी मोजली आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये मिर्बाले गावाजवळच्या शांतिसैनिकांच्या तळावरचे मैलापाणी नदीत गेले आणि आर्तिबोनित खोऱ्यातून कॉलरा देशभर पसरला. सुमारे १० हजार माणसे मेली. पीडितांनी २०११ मध्ये संघटनेकडेच भरपाईचे अर्ज केले. २०१३ मध्ये ते 'स्वीकारण्याजोगे नाहीत' असे उत्तर आले. न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, तर संघटनेवर दावा चालत नाही म्हणून तो निकाली निघाला, आणि अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये तेच कायम केले. त्या डिसेंबरात महासचिव बान की-मून यांनी आमसभेसमोर हैतीच्या जनतेची माफी मागितली, पण कायदेशीर जबाबदारी स्वीकारली नाही. हा अन्याय आहे, आणि तो झाकण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

फक्त त्याचे कारण कायद्याचा अभाव हे नाही. १९४६ च्या ज्या कराराने दाव्यापासून संरक्षण दिले, त्याच कराराच्या २९व्या कलमाने खासगी स्वरूपाचे वाद सोडवण्याची पर्यायी व्यवस्था उभारण्याचे बंधन संघटनेवर घातले आहे. हैतीशी झालेल्या २००४ च्या करारात दावे ऐकण्यासाठी स्थायी आयोगाची तरतूद होती. तो आयोग नेमलाच गेला नाही, आणि इतर शांतिमोहिमांतही असा आयोग कधी बसलेला नाही. दुसरीकडे, संरक्षणाची व्याप्ती बदलता येते हेही दिसले आहे. गुजरातेतील मुंद्रा येथील वीजप्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळावर (जागतिक बँक समूहातली संस्था) तिथल्या मच्छीमारांनी अमेरिकेत दावा लावला, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये, १९४५ च्या अमेरिकी कायद्याखाली अशा संघटनेला परदेशी सरकारांइतकेच संरक्षण आहे, संपूर्ण नाही, असा निर्णय दिला. पुढे मच्छीमारांचा दावा, मूळ कृती अमेरिकेबाहेर घडल्याच्या कारणाने, खालच्या न्यायालयांत फेटाळला गेला, आणि संयुक्त राष्ट्रसंघाला तो निर्णय लागू नाही, कारण त्याचे संरक्षण वेगळ्या करारातून येते. तो करार करणारे आणि मोहिमांची अंदाजपत्रके मंजूर करणारे सदस्य देशच आहेत. हैतीतल्या पीडितांचे अर्ज ऐकणारा आयोग नेमण्याची मागणी आमसभेत त्यांपैकी कोणत्याही देशाचे सरकार आजही करू शकते.