ब्रेक ऑइल म्हणजे ‘कुठलंही ऑइल’ नव्हे : जुन्या सेडानच्या ब्रेकबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘जुनी सेडान घेतलीय? गॅरेजवाल्याचं घर भरू नका’ अशा मथळ्याचा सात कलमी मेसेज गेले काही दिवस कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. भावकीतल्या एका पोरानं तो जसाच्या तसा खरा मानला आणि नुकत्याच घेतलेल्या गाडीच्या ब्रेकच्या डबीत स्टीअरिंगचं तेल ओतायला निघाला. वेळेवर कळलं म्हणून वाचलं. पण हाच मेसेज आणखी किती जणांनी ‘उपयुक्त माहिती’ म्हणून पुढं ढकलला असेल, याचा विचार केला की राग येतो.

सातही कलमांना सारखं उत्तर देत बसणार नाही. दोन जीवघेणी आहेत, त्यांना आधी धरतो.

मेसेज म्हणतो : ‘ब्रेक ऑइल कमी दिसलं तर पॉवर स्टीअरिंगचं किंवा टू-टी ऑइल घाला. ऑइल ते ऑइलच.’

नाही. आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नाहीच. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ लिहिलेले हे ग्लायकॉल-ईथर जातीचे द्रव आहेत. पाण्यात मिसळतात, तेलात मिसळत नाहीत. घरी करून बघा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर ब्रेक ऑइल टाका, विरघळून जाईल. दुसऱ्या पेल्यात टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) टाका, तवंग येईल. दोन्ही एकच असती तर असं झालं नसतं.

आता हे आत काय करतं ते बघा. मास्टर सिलिंडरचे (पेडलचा दाब द्रवाला देणाऱ्या नळकांड्याचे) कप, कॅलिपरच्या (पुढच्या डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागाच्या) पिस्टनची सील, मागच्या व्हील सिलिंडरची (ड्रममधले शू ढकलणाऱ्या नळकांड्याची) रबरं हे सगळं ईपीडीएम जातीचं रबर असतं. ग्लायकॉलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं. खनिज तेल लागलं की फुगतं, मऊ पडतं. फसगत अशी की पहिल्या दिवशी काहीच होत नाही. पेडल नेहमीसारखं, ब्रेक नेहमीसारखा. माणूस म्हणतो, बघा, चाललं की! मग रबर फुगत जातं. मास्टर सिलिंडरमध्ये पेडल सोडल्यावर द्रव डबीत परत जायला एक बारीक भोक असतं. फुगलेला कप ते भोक झाकून बसतो. दाब सुटत नाही, पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं, तापल्यावर आतला द्रव प्रसरण पावतो आणि दाब आणखी वाढतो. म्हणजे ब्रेक लागत नाही ही तक्रार नंतरची. आधी तो सुटायचाच बंद होतो. हायवेवर तावडे हॉटेलपासून सुटलेली गाडी कागलपर्यंत जाईतो चाकातून धूर काढायला लागेल.

संशय असेल तर डबीचं झाकण उघडून आतलं काळं रबर बघा. चांगलं रबर झाकणात घट्ट आणि सपाट बसतं. तेल लागलेलं रबर लाटेसारखं वाकडंतिकडं होऊन बाहेर लोंबतं, परत बसवायला गेलं तर झाकणापेक्षा मोठं भरतं. असं दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. कारण मग फक्त डबी धुऊन भागत नाही. मास्टर सिलिंडर, दोन्ही कॅलिपरची किट, दोन्ही व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज बदलायचे आणि लोखंडी नळ्या फ्लश करायच्या. एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटपर्यंत तेल पोचलं असेल तर तेही जातं, आणि जुन्या गाडीला ते परवडत नाही. चुकून ओतलंच असेल आणि पेडल एकदाही दाबलं नसेल, तर मात्र वाचण्याची संधी आहे : पेडलला पाय लावू नका, मोठ्या सिरिंजनं डबी रिकामी करून घ्या, डबी काढून धुऊन घ्या आणि मगच पुढचं बघा.

यासाठी कुणा तज्ज्ञाच्या दाखल्याचीसुद्धा गरज नाही. डबीच्या झाकणावरच ठसठशीत लिहिलेलं असतं : झाकण उघडण्याआधी पुसा, सांगितलेल्या डॉटचाच द्रव सीलबंद बाटलीतून घाला. सात कलमी मेसेज वाचायला वेळ आहे, झाकण वाचायला नाही!

या कलमात अर्धं सत्य एकच आहे, तेही मेसेजवाल्याला माहीत नसावं. पातळी कमी होणं म्हणजे प्रत्येक वेळी गळती नव्हे. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतली पातळी मॅक्सवरून मिनकडे सरकते. ती भरायला घाई केली तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलल्यावर डबी उतू जाते, आणि ब्रेक ऑइल पेंट खातं. म्हणून आधी पॅड बघा. पॅड जाड आहेत आणि तरीही पातळी उतरतेय, तर गळती शोधा : मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ड्रमच्या पाठपत्र्याची कड ओली आहे का, ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला बूस्टरजवळ (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याजवळ) ओल आहे का. ज्या गाड्यांचा क्लच हायड्रॉलिक आहे त्यांत बरेचदा क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते. ब्रेकमध्ये गळती सापडत नसेल तर क्लचचा सिलिंडर बघा.

दुसरं जीवघेणं कलम : ‘घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाका, चावी बंद करा, पेट्रोल वाचतं.’

कोल्हापूरच्या माणसाला हा सल्ला देणं म्हणजे कमाल आहे. पन्हाळा, जोतिबा, आंबा घाट, गगनबावड्याहून उतरणारे करूळ आणि भुईबावडा; कुठल्याही दिशेला निघा, उतार आहेच. साधा हिशोब करू. गाडी आणि माणसं मिळून १,४०० किलो. उतार ३०० मीटर उंचीचा धरा. ही उंची उतरताना जी ऊर्जा सोडायची ती साधारण ४१ लाख ज्यूल होते. घरच्या बंबातलं तेरा लिटर गार पाणी उकळायला एवढीच लागते. गाडी गियरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये असेल तर हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाईल तेवढा सोडून सगळा पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रममध्ये उतरतो.

आणि इथंच तिसरं कलम येऊन चिकटतं : ‘ब्रेक ऑइल कधीच बदलावं लागत नाही, काळं झालं म्हणजे मुरलं.’ ब्रेक ऑइल मुरत नाही, ते पाणी पितं. होजच्या रबरातून, झाकणाच्या श्वासातून, वर्षानुवर्षं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक ११६ मध्ये याचे आकडे दिलेत आणि जगभरच्या बाटल्यांवरचं डॉट हे नाव तिथूनच आलंय. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणजे तुमच्या गाडीत सहा वर्षं न बदललेलं डॉट ३ असेल तर ६५ अंशांची सवलत गेलेली असते. घाटात डिस्क तापली, कॅलिपरमधला द्रव उकळला, त्याची वाफ झाली. वाफ दबते, द्रव दबत नाही. पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. रंगावरून यातलं काही कळत नाही. सोनेरी दिसणाऱ्या द्रवातही पाणी असू शकतं. पाणी मोजायचं पेन गॅरेजमध्ये मिळतं, तीन टक्क्यांच्या पुढं गेलं की बदला. पेन नसेल तर दोन वर्षांनी बदला, आणि जुनी गाडी घेतल्यावर आधीच्या मालकावर विश्वास न ठेवता पहिल्याच आठवड्यात बदला.

बदलायला एक लिटर सीलबंद डॉट ४ पुरतं (झाकणावर डॉट ३ असेल तरी चालतं, दोन्ही एकाच जातीचे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते घालू नका). निप्पलला (चाकाजवळच्या, द्रव बाहेर सोडायच्या स्क्रूला) आठ किंवा दहाचा पाना, पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या द्रवात बुडलेलं. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निप्पल सोडतो, बंद करतो, मगच पेडल वर. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात बघा. तो सगळ्या गाड्यांत सारखा नसतो. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटात हवा शिरली की ती काढायला स्कॅनर जोडावा लागतो. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वेळी वापरू नका, तीही पाणी पितच असते.

न्यूट्रलकडे परत येतो. पेट्रोल वाचतं हे एके काळी खरं होतं, मान्य करतो. कार्ब्युरेटरच्या पद्मिनी-अँबेसेडरच्या काळात गियरमध्येही इंजिन पेट्रोल ओढत राहायचं. तुमच्या सेडानमध्ये इंजेक्शन आहे. गियरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. इंजिनाला चाकंच फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की उलट त्याला आयडलला पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे वाचवायला जाऊन जळतं. चावी बंद केली तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळायचा थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन दाब मऊ लागतात, मग पेडल दगडासारखं होतं. स्टीअरिंग जड होतं, आणि चावी आणखी मागे फिरली तर लॉक. करूळच्या वळणावर हे काय होईल ते लिहायची गरज नाही. चढताना जो गियर लागतो तोच उतरताना लावा. सीव्हीटी (ऑटोमॅटिक गियर) असेल तर एल किंवा एस. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा, डिस्कला हवा लागू द्या. तरीही पेडल खाली गेलंच तर भराभर पंप करा, गियर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. तो वायरीवर चालतो, द्रव उकळला तरी काम करतो.

बाकीची कलमं लवकर उरकतो.

‘तापलेल्या ब्रेकवर पाणी मारा.’ अजिबात नको. तापलेल्या बिडाला एकाच बाजूनं गार पाणी लागलं की ते वाकतं किंवा तडकतं. सपाट जागी थांबा, पहिल्या गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक लावू नका आणि अर्धा तास थांबा.

‘ब्रेक किंचाळला की डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे मारा.’ पॅडनं तेल प्यायलं की तो पॅड गेला. पॉलिश पेपरनं घासून परत येत नाही. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखरते, तो वरवरचा गंज, आपोआप जातो. रोज बारीक शीळ येत असेल तर ती बहुधा पॅडवरची पत्री आहे, पॅड संपल्याचं सांगायला मुद्दाम बसवलेली. पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरवर आलं की बदला. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं ग्रीस लावलं तर त्यांचे रबरी बूट फुगतात, कारण तेच : खनिज तेल आणि ईपीडीएम.

‘पेडल थरथरतं म्हणजे एबीएस बिघडलं, फ्यूज काढा.’ निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटक करतं, ते एबीएस काम करत असल्याचं लक्षण. कोरड्या हायवेवर हलक्या ब्रेकला थरथर येत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. उद्यमनगरात मायक्रोमीटर (जाडी मोजायचं बारीक माप) नसलेला कारखाना शोधावा लागेल. आठ ठिकाणी मोजून घ्या. व्हर्नियर नको, तो डिस्कच्या न झिजलेल्या कडेवर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. लेथवर टर्निंग करून किमान जाडीच्या वर राहत असेल तर करा, नाहीतर जोडीनं बदला. फ्यूज काढून फक्त पावसातला आधार जाईल.

शेवटचं : ‘मागच्या ड्रमला हात लावू नका, ते आयुष्यभर चालतात.’ मागे शू हळू झिजतात एवढं खरं. पण कोल्हापुरात जुनी गाडी घेताना ड्रम उघडल्याशिवाय व्यवहार करू नये, याचं कारण २०१९ आणि २०२१ चा पूर. पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून धुऊन, सीट कव्हर बदलून विकली जाते. ड्रमच्या आत कोणी धूत नाही. ड्रम काढा आणि पाठपत्र्याच्या कोपऱ्यात बघा : शूची भुकटी काळी, कोरडी असते, पुराचा गाळ पिवळसर, वाळून पापुद्रा धरलेला आणि नखानं सुटणारा असतो. तो दिसला तर व्हील सिलिंडरचा बूट उचलून बघा, आत गंजाचं पाणी निघतं. ॲडजस्टरचा दातेरी स्क्रू हातानं फिरतो का बघा. गंजून जाम झाला असेल तर शू ड्रमपासून लांब राहतात, पेडल खोल जातं आणि हँडब्रेक दहा-बारा टिकटिकांनंतर कुठं धरतो. आणि साफ करताना कॉम्प्रेसरनं हवा मारू देऊ नका. जुन्या शूच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून खाली ट्रे धरा, नाहीतर ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका.